आरशापुढचा दिवा : जुना उतरवताना, नवा लावताना

(अमरावती येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस बाथरूमच्या दिव्यावर काय बोलणार? (हशा) त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. आपला जिल्हा गाडगेबाबांचा. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन नंतर. हातकाम आणि विचार ही दोन खाती त्यांनी कधी वेगळी ठेवली नाहीत. हे एक कारण.

दुसरं कारण माझ्या विषयातलं आहे. ‘तुला हे खरंच माहीत आहे का, आणि कशावरून माहीत आहे?’ हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न. वर्गात त्याचं उत्तर चुकलं तर दोन मार्क जातात. ओल्या फरशीवर, स्टुलावर उभं राहून, हातात उघडी वायर घेतलेली असताना चुकलं तर माणूस जातो. ज्ञानमीमांसा समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

बदलायचा कशासाठी?

आपल्याकडच्या घरांचा विचार करा. अमरावतीत बुधवाऱ्यातले वाडे, अकोल्यात जुन्या शहरातली घरं, आणि मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या कॉलन्या. बेसिनच्या वर आरसा, आरशाच्या वर दोन फुटी ट्यूबची पत्र्याची पट्टी, किंवा भिंतीत ठोकलेल्या लाकडी गोल ठोकळ्यावर बॅटन होल्डर आणि त्यात बल्ब. ट्यूब असेल तर चोक गुणगुणतो, स्टार्टर दोन-चार वेळा डोळे मिचकावतो आणि मग उजेड पडतो. दोन्ही टोकं काळी पडलेली. पत्र्याला गंज.

लोक म्हणतात, वीज वाचते म्हणून बदला. हिशेब करून पाहू. दोन फुटी जुनी ट्यूब २० वॉटची, आणि तांब्याच्या गुंडाळीचा जुना चोक आणखी साधारण १० वॉट खातो. म्हणजे ३० वॉट. तेवढाच उजेड देणारी एलईडी पट्टी १० वॉटची. वाचले २० वॉट. रोज तीन तास दिवा लागतो असं धरलं तर वर्षाला जवळपास २२ युनिट. तुमच्या बिलावरच्या दरानं गुणा. रक्कम वाईट नाही, पण त्यासाठी शिडीवर चढावं एवढीही नाही. घराघरांतून अशी बचत झाली की पारसच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा वाचतो, हे खरं आहे. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेचं गणित तेच होतं. पण एका घरापुरतं बोलायचं तर खरी कारणं दोन आहेत : नीट दिसणं आणि सुरक्षितता.

आधी दिसणं घेऊ. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. विशीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याचा साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. म्हणजे दिवा तोच, आरसा तोच, आणि आपण मात्र दरवर्षी थोडे अधिक अंधारात. दाढी करताना कापणं, गोळीच्या पाकिटावरचं नाव चुकीचं वाचणं, मधुमेह असलेल्याला पायाची जखम न दिसणं, ओल्या फरशीवर पाय घसरणं. या सगळ्याला आपण ‘वय झालं’ म्हणतो. अर्धा दोष दिव्याचा असतो, राजेहो!

दुसरं सुरक्षिततेचं. जुन्या पट्टीच्या आत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. त्यात आपल्याकडे खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्याचा मोठा भाग खाऱ्या पाण्याचा. जिथं असं पाणी अंघोळीला वापरलं जातं तिथं आरशावर पांढरे डाग, नळाला पांढरा थर आणि दिव्याच्या पत्र्याला, स्क्रूंना गंज हे ठरलेलंच. मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि खारट ओलावा विजेला वाट देतो. त्यामुळे गंजलेली पत्र्याची पट्टी केवळ कुरूप नसते. तिच्या अंगात करंट उतरायची शक्यता कोरड्या खोलीतल्या पट्टीपेक्षा जास्त असते.

उजेड आरशावर नाही, चेहऱ्यावर

इथं एक गोड गैरसमज आहे. आपण म्हणतो ‘आरशावर दिवा लावला’. आरशाला दिव्याची गरजच नाही. आरसा स्वतःचं काही दाखवत नाही, त्याच्यासमोर जे आहे तेच परत पाठवतो. उजेड पडायला हवा तो पाहणाऱ्यावर. आरशाकडे तोंड करून छान झगमगणारा आणि चेहरा अंधारात ठेवणारा दिवा म्हणजे व्याख्यात्यानं श्रोत्यांकडे पाठ करून बोलण्यासारखं आहे. (हशा)

म्हणून जागा महत्त्वाची. छताच्या मध्यावर एकच दिवा असेल तर आरशापुढे उभं राहिल्यावर तो आपल्या डोक्याच्या मागे येतो आणि आपलीच सावली आपल्या तोंडावर पडते. आरशाच्या वर एकच छोटा बल्ब असेल तर डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालचा भाग आणि हनुवटीखालचा भाग काळा राहतो. सगळ्यात चांगली रचना म्हणजे आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे फरशीपासून साधारण पाच ते साडेपाच फुटांवर, दोन उभे दिवे. डावीकडून आलेली सावली उजवीकडचा दिवा पुसतो आणि उजवीकडची डावीकडचा.

पण आपल्या जुन्या घरांत पॉइंट एकच आणि तो आरशाच्या वर. त्यासाठी भिंत फोडायची गरज नाही. तिथं बल्बऐवजी दोन फूट लांबीची, दुधी आवरणाची आडवी पट्टी लावा. जमिनीपासून सव्वासहा-साडेसहा फुटांवर. उजेडाचा उगम जितका लांब-रुंद, तितकी सावली मऊ. भिंतीला आणि बेसिनला पांढरी टाइल असेल तर खालून परतणारा उजेड हनुवटीखालचं काम फुकटात करतो.

दुकानात काय विचारायचं?

‘चांगलं दाखवा’ एवढंच म्हणाल तर महाग दाखवतील. चार गोष्टी विचारा.

पहिली, उजेड किती. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड मोजतात ल्युमेनमध्ये. जुना ६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, आज ९-१० वॉटची एलईडी ९०० ते १००० देते. लहान बाथरूममध्ये आरशापुढे हजार ल्युमेन पुरतात. ज्येष्ठ मंडळी असतील तर दीड हजारापर्यंत जा.

दुसरी, उजेडाचा रंग. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे ‘पांढरा द्या भाऊ’ म्हटलं की ६५०० हातात पडतो आणि मग आरशात प्रत्येक जण आजारी दिसतो. ४००० मागा. रात्री उठावं लागतं त्यांच्यासाठी वेगळा अर्ध्या वॉटचा पिवळसर छोटा दिवा असू द्या. मध्यरात्री निळसर पांढरा लख्ख उजेड डोळ्यावर पडला की झोप मोडते ती मोडतेच.

तिसरी, रंग खरा दाखवण्याची क्षमता. तिला सीआरआय म्हणतात. उन्हाचा १००. स्वस्त एलईडी ८० किंवा त्याहून कमी असते आणि लाल रंगात ती विशेष कच्ची पडते. कातडीचा रंग म्हणजे बराचसा खालच्या रक्ताचा लालपणा. डोळ्यांत कावीळ उतरली आहे का, ओठ फिके आहेत का, पुरळ वाढतंय का, हे आपण पहिल्यांदा पाहतो ते याच आरशात. म्हणून घरातल्या इतर खोल्यांत ८० चालेल, आरशापुढे ९० घ्या. अंधारात दोरी सापासारखी दिसते हे वेदान्तातलं जुनं उदाहरण आहे. भ्रम व्हायला अंधारच लागतो असं नाही, वाईट उजेडही पुरतो.

चौथी, पाण्यापासून संरक्षण. खोक्यावर ‘आयपी’ लिहून पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे चारी बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांना पुरतं. आयपी ६५ म्हणजे पाण्याची धार मारली तरी टिकतं. आंतरराष्ट्रीय नियमांत शॉवरची जागा, आणि तिच्या कडेपासून आणखी ६० सेंटीमीटर, सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा पट्टा जपण्याचा मानला आहे, तिथं शिंतोड्यांपुरतं तरी संरक्षण हवंच. पण ते नियम टब आणि पडदे असलेल्या बाथरूमांसाठी केलेले. आपली न्हाणी चार बाय सहाची, आणि अंघोळ बादली-मगानं. आपल्याकडे शिंतोडा कुठंही जातो. त्यामुळे बेसिन आणि न्हाणी एकाच खोलीत असेल तर निदान आयपी ४४ घ्याच.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. एक, पत्र्याऐवजी प्लास्टिक किंवा पॉलिकार्बोनेटचं अंग आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. खाऱ्या पाण्यापुढे चमकदार क्रोम दोन पावसाळे काढत नाही. दोन, उष्णता. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एलईडीचा दिवा मरतो तो बहुतेक वेळा त्याच्या आतल्या ड्रायव्हरमुळे, आणि ड्रायव्हरमधला कपॅसिटर उष्णतेनं सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबला चिकटून, पूर्ण बंद डब्यात दिवा लावू नका. भिंतीवर, स्लॅबपासून खाली लावा.

‘लाइन बंद आहे’ हे कशावरून?

आता मुख्य मुद्दा. जुना दिवा उतरवायला हात घालण्याआधी आपण म्हणतो, ‘लाइन बंद आहे’. हे विधान आहे. त्याला प्रमाण काय?

गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपल्या कामाला यातली तीन लागतात, आणि प्रत्येकात एक खड्डा आहे.

पहिलं अनुमान. ‘दिवा बंद आहे, म्हणून वायरमध्ये वीज नाही.’ डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं अग्नी आहे, असं हे वाटतं. पण नैयायिक लगेच विचारेल, जिथं जिथं दिवा बंद तिथं तिथं वीज नसतेच का? नाही ना! बल्ब उडालेला असू शकतो, स्टार्टर गेलेला असू शकतो, वायर पुढे तुटलेली असू शकते. दिवा बंद आणि वीज चालू, अशी उदाहरणं सापडतात. अशा हेतूला व्यभिचारी हेतू म्हणतात, म्हणजे जो एका पक्षाशी प्रामाणिक राहत नाही. (हशा)

बरं, ‘बटन बंद केलं आहे’ हा हेतू? तोही व्यभिचारी. बटन फेजच्या वायरवर असायला हवं. पण जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. मग बटन बंद केलं की दिवा विझतो खरा, पण होल्डरपर्यंत फेज जशीच्या तशी उभी असते. तुम्ही हात लावला की वाट तुमच्यातून.

‘मेन स्विच पाडला आहे’? आता तरी? इथं वऱ्हाडातला माणूस फसतो, कारण भारनियमनाच्या दिवसांत आपण घरोघरी इन्व्हर्टर बसवले. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइन गेली, आणि तो तत्परतेनं घराचे दिवे चालू ठेवतो. बाथरूमचा दिवा बहुतेक घरांत इन्व्हर्टरवरच असतो. तेव्हा मेन पाडा, इन्व्हर्टरचं बटन बंद करा, आणि त्याच्याकडून घराकडे जाणारी लाइनही तोडा.

दुसरं शब्दप्रमाण, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. खालून आवाज येतो, ‘हो, बंद केली!’ सांगणारा खरा असेलही. पण पाच मिनिटांनी दुसराच कुणी येऊन ‘अरे, लाइन काहून बंद आहे?’ म्हणत एमसीबी वर करतो. म्हणून जुना किटकॅट फ्यूज असेल तर काढून स्वतःच्या खिशात ठेवा. एमसीबी असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून कागद ठेवा आणि माणूस बसवा. वायरचा रंगसुद्धा शब्दप्रमाणच आहे. लाल, पिवळी, निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, असा आपल्याकडचा रिवाज. पण तीस वर्षांपूर्वी ज्यानं वायर ओढली त्याच्या पिशवीत त्या दिवशी कोणता रंग शिल्लक होता, हे आपल्याला माहीत नाही. ज्याची ओळख नाही त्याच्या शब्दावर जीव ठेवायचा नाही.

तिसरं प्रत्यक्ष. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. झालं? टेस्टर बिघडलेला असेल तर? कोरड्या प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहिलं तर टेस्टरचा दिवा इतका मंद लागतो की उन्हात दिसतच नाही. मग टेस्टर खरा की खोटा, हे कशानं तपासायचं?

हा प्रश्न फार जुना आहे. नागार्जुनानं नैयायिकांना हेच विचारलं होतं : तुमची प्रमाणं जगाला सिद्ध करतात, मग प्रमाणांना कोण सिद्ध करतं? दुसरं प्रमाण आणलं तर त्याला तिसरं लागेल. न्यायपरंपरेनं तराजूचं उदाहरण दिलं. तराजूनं आपण सोनं मोजतो, तेव्हा तो साधन. पण तराजूबद्दल शंका आली, तर ज्याचं वजन आधीच पक्कं माहीत आहे अशा सोन्यानं तराजूच तपासता येतो, तेव्हा तो तपासण्याची वस्तू. अनंत साखळी लागत नाही, शंका आली तेवढं तपासलं की पुरतं.

जाणकार वायरमन हेच करतो, न्यायसूत्रं न वाचता करतो. टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहा, तो लागला पाहिजे. मग लाइन पाडून आपल्या जागी लावा, तो लागता कामा नये. मग पुन्हा लाइन असलेल्या ठिकाणी लावा, तो पुन्हा लागला पाहिजे. तिन्ही उत्तरं बरोबर आली तरच ‘बंद आहे’ हे ज्ञान. मल्टिमीटर असेल तर उत्तम : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, तिन्ही जोड्या मोजा. कारण न्यूट्रल तुटलेली असेल तर पहिल्या जोडीत शून्य दिसेल आणि फेज तरीही जिवंत असेल.

उतरवणं आणि बसवणं

एवढं झालं की बाकीचं काम सोपं आहे, भरभर सांगतो. दिवसा करा, फरशी कोरडी करा, स्टूल नाही, घोडी वापरा, खाली एक माणूस उभा ठेवा. गंजलेल्या स्क्रूंवर आदल्या रात्री खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडा. ट्यूब आधी काढून बाजूला ठेवा. मोबाइलवर जोडणीचा फोटो घ्या. वायरी एकेक करून सोडवा. आवरण तडकलेला भाग कापून टाका आणि निरोगी वायर मिळेपर्यंत मागे या. वायर पूर्ण भिंतीपर्यंत तडकलेली असेल तर काम तिथंच थांबवा, ती ओढून बदलावी लागेल.

नवी पट्टी जुन्याच भोकांवर बसली तर छान. नसेल तर टाइलमध्ये भोक पाडताना आधी चिकटपट्टी लावा, टाइलचा बिट वापरा, आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा ठोका बंद ठेवा. बटनाच्या सरळ वर किंवा सरळ आडव्या रेषेत भोक पाडू नका, आतल्या वायरी त्याच रेषेत धावतात. मग गिट्टी ठोका. जोड कनेक्टरमध्ये करा, नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, ओलाव्यात टेप सुटते. जोड दिव्याच्या डब्याच्या आतच राहू द्या. वायर जिथून आत शिरते तिथला रबरी गाळा जागेवर बसवा. तो फेकून दिला तर आयपी ४४ हा आकडा फक्त खोक्यावर राहतो.

काढलेली ट्यूब फोडू नका आणि घंटागाडीतही फेकू नका. तिच्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. पाऱ्याच्याच धोक्यापायी २०१३ साली जपानमध्ये मिनामाता करारावर सह्या झाल्या. भारतानं तो २०१८ मध्ये स्वीकारला, आणि २०२३ मध्ये त्या कराराच्या सभेत ट्यूबचं उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं. म्हणजे आज-उद्या ही ट्यूब तशीही मिळणार नाही. आपल्या ई-कचऱ्याच्या नियमांत ती येते, तेव्हा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या. चोकमध्ये तांबं असतं, तो भंगारवाला हसत घेईल.

अर्थिंग, आणि आपली काळी माती

लोक म्हणतात, ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही.’ इथं आकडे पाहा. ओल्या शरीराचा विरोध साधारण १००० ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला १००० नं भागलं की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. माणसाचं हृदय बिघडायला तीस-पन्नास मिलिअँपिअर पुरतात. एमसीबी कितीचा? ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअर. त्याच्या दृष्टीनं शॉक बसलेला माणूस म्हणजे घरात लागलेला आणखी एक ५० वॉटचा बल्ब. तो कशाला पडेल? एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात लाइन तोडतो. जमाखर्च न जुळल्याबरोबर तिजोरी बंद करणारा कारकून! दिव्यावर पाचशे खर्च करायच्या आधी आरसीसीबी आहे का ते पाहा. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटन महिन्यातून एकदा दाबा.

आणि अर्थिंग. पत्र्याच्या दिव्यात फेज अंगावर उतरली तर तिला जमिनीत जायला हक्काची वाट म्हणजे अर्थिंग. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा हातभर जातात. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुकून सुटली की संपर्क तुटतो. तो पाइप जमिनीत उभा असतो, कामाला मात्र नसतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. खारपाणपट्ट्यात उलटा प्रकार : खारी ओली माती वीज चांगली घेते, पण लोखंडी पाइप लवकर खाते. तिथं काही वर्षांनी पाइप तपासून घ्यावा लागतो.

पुष्कळ जुन्या घरांत दिव्याच्या पॉइंटवर दोनच वायरी येतात, अर्थ नसतेच. मग पत्र्याचा दिवा लावू नका. ज्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे असा दुहेरी आवरणाचा प्लास्टिकचा दिवा घ्या, त्याला अर्थ लागत नाही. न्यूट्रललाच अर्थ समजून जोडणं, किंवा नळाच्या पाइपाला वायर बांधणं, हे प्रकार मात्र जीवघेणे आहेत. नळाला बांधलेली अर्थ म्हणजे आपला दोष शेजाऱ्याच्या अंघोळीपर्यंत पोहोचवणं.

हे काम कोणी करावं?

१९५६ च्या वीज नियमांतच एक सुंदर भेद केलेला आहे. घरातलं विजेचं काम परवानाधारकानं करायचं. पण दिवे, पंखे, फ्यूज, बटनं यांची अशी अदलाबदल, जिच्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, तिला त्यातून सूट. २०१० च्या नियमांनीही ही सूट ठेवली. रथाचं एकेक चाक बदललं तर रथ तोच राहतो का, हा प्रश्न नागसेनानं मिलिंद राजापुढे ठेवलेल्या रथाच्या उदाहरणाच्या जवळ जाणारा आहे. नियमांनी त्याचं व्यवहारी उत्तर दिलं : त्याच पॉइंटवर दिव्याच्या जागी दिवा, हे बदलणं. नवा पॉइंट काढणं, भिंतीत वायर ओढणं, आरशाशेजारी प्लग काढणं, हे स्वरूप बदलणं, त्याला वायरमनच हवा.

आणि सूट आहे म्हणजे प्रत्येकानं करावंच असं नाही. हात कापत असेल, दिसत कमी असेल, तोल जात असेल, तर करू नये. पण समजून घ्यावं सगळ्यांनी. काम दुसऱ्याच्या हातानं करून घेता येतं, समजून घेणं मात्र आपलं आपल्यालाच करावं लागतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, आमच्या घरचा एलईडी बटन बंद केल्यावरही मंद मंद जळत रायते. वायरिंगमध्ये भूत आहे काय? (हशा)

उत्तर : भूत नाही, पण दुर्लक्ष करू नका भाऊ. याला दोन मुख्य कारणं. बटनात छोटा इंडिकेटर असेल तर त्यातून जाणारा किंचित करंट एलईडीला पुरतो, ते निरुपद्रवी आहे. इंडिकेटर नसेल तर बटन न्यूट्रलवर असल्याची दाट शंका घ्या, ते धोक्याचं आहे. धूर दिसला, पण तो आगीचा की धुक्याचा हे पाहावं लागतं, तसंच. वायरमनला एवढंच सांगा, ‘बटन फेजवर आहे का पाहून दे.’

प्रश्न : जुन्याच पट्टीत एलईडीची नळी घातली तर चालणार नाही का?

उत्तर : कोरड्या खोलीत चालेल, चोक-स्टार्टर काढून नळीवरच्या आकृतीप्रमाणे जोडणी करून घ्या. बाथरूममध्ये नको. तिथं आपला मूळ त्रास गंजलेल्या पट्टीचा आहे, आणि तीच तुम्ही ठेवताय.

प्रश्न : मी एकटी राहते, वय अडुसष्ट. शिडीवर चढणं होत नाही. मला याचा काय उपयोग?

उत्तर : ताई, सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच आहे. वायरमन आला की चार गोष्टी विचारा. इन्व्हर्टर बंद केला का? टेस्टर आधी चालू लाइनवर लावून पाहिला का? बटन फेजवर आहे का? या पॉइंटवर अर्थ आहे का, नसेल तर दिवा दुहेरी आवरणाचा आहे का? तो चांगला कारागीर असेल तर खूश होईल, कारण कामाची कदर करणारं गिऱ्हाईक त्याला क्वचित भेटतं. आणि त्यानं ‘काही होत नाही ताई’ म्हटलं तर त्याला चहा द्या आणि दुसरा बोलवा. ‘काही होत नाही’ हे कुठल्याच शास्त्रात प्रमाण नाही.

वेळ झाली आहे. थांबतो.